कुमुदताईची भांडी

आमच्या मलकापुरात आणि पुलापलीकडच्या कऱ्हाडात लग्न ठरलं की आधी भांडी यायची, मग भटजी. आणि भांडी आली की त्यांच्यावर नावं घालायची. कळशी मामाकडून, परात आत्याकडून, शेजारच्या आळीतून आलेल्या साध्या फुलपात्रावरसुद्धा 'यांजकडून'. नाव नसेल तर ते दिलंच नाही, अशी पक्की समजूत. आमच्या आईच्या फडताळात तिचं स्वतःचं असं एक भांडं नव्हतं, सगळी कुणाकुणाकडून आलेली. आईला वाचता येत नव्हतं, पण राखेनं घासता घासता नावावरून अंगठा फिरला की ती ओळखायची. "ही तुज्या थोरल्या मावशीची परात. लय चिक्कू बाई, पर परात जाड दिली. हा तांब्या आमच्या बापूचा. तांब्या ऱ्हायला, बापू गेला." असं रोज संध्याकाळी नळाखाली आमचं सगळं गणगोत घासून पालथं घातलं जायचं.

बाजारात नावं घालणारे दोघं-तिघं होते. ते दुकानाच्या पायरीवर बसून छिन्नी-हातोडीनं टिकटिक ठिपके पाडायचे, ठिपक्यांची अक्षरं व्हायची. पण ज्यांना नाव देखणं हवं असे ते लोक पोतदार मास्तरांकडे जायचे. मास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. उंच, खांद्यात वाकलेले, डाव्या डोळ्याला सारखं पाणी येणारे. त्यांच्या हातात हातोडी नसायची. लाकडी मुठीची एक पोलादी कोरणी तळहातात धरायची, भांडं वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवायचं, आणि ढकलायची. पितळेची केसासारखी कुरळी तार निघायची आणि मागं रेघ राहायची. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी हे शिकायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी मी जोर लावून हात फिरवायला गेले, तर कोरणी सटकली आणि कुणा नवऱ्यामुलाच्या आडनावातून आरपार गेली. मास्तर ओरडले नाहीत. माझं मनगट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं तांब्या फिरवला. "हात फिरवायचा नाही. काम फिरवायचं." एवढंच.

हे त्यांना एका डेन्मार्कच्या साहेबानं शिकवलं होतं. तरुणपणी मास्तर मुंबईला होते. तिथं एका छापखान्यात हा साहेब तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा. कापडाच्या ताग्यांवरची लेबलं, नकाशे, औषधांच्या बाटल्यांवरची फुलं. दोन वर्षांसाठी म्हणून बोटीनं आला तो वीस वर्षं राहिला, आणि संध्याकाळी आपल्या खोलीवर पाच-सहा पोरांना फुकट शिकवू लागला. त्याला मराठी येत नव्हती, ह्या पोरांना त्याची भाषा येत नव्हती. चुकलं की तो काही न बोलता पत्रा उलटा फिरवून पुन्हा समोर ठेवायचा. पुढं फोटोवरून ठसे करायची यंत्रं आली, हातानं कोरणाऱ्यांचं काम गेलं, साहेब छातीच्या दुखण्यानं मायदेशी परतला आणि आपली एक कोरणी मास्तरांना देऊन गेला. मास्तर गावी आले, शाळेत लागले. ज्या हातानं नकाशातल्या नद्या कोरल्या, त्या हातानं ते पोरांना मडकं आणि दोन पेरू काढायला शिकवू लागले. डेन्मार्क कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं, खंडाळ्याच्या थोडं पुढं असावं असं मी धरून चालले होते. पण मैत्रिणींना मात्र ऐटीत सांगायची, "मी डेन्मार्कचं शिकते," जसं काही डेन्मार्क म्हणजे शिवणकामाची एखादी परीक्षाच.

मास्तरांची बायको लवकर गेलेली. दोन खोल्यांचं घर, आणि त्यात त्यांची मुलगी कुमुदताई. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. त्या घराला पितळेचा, लिंबाच्या सालींचा आणि आल्याच्या चहाचा मिळून एक वास होता. आमच्या घरी चहा म्हणजे काकवीसारखा गोड, उसाच्या घरातला. कुमुदताईचा चहा तिखट लागायचा, ठसका यायचा. बाप कोरायचा, लेक लिंबानं पुसून भांडं उजेडात धरायची, नखानं रेघ चाचपायची आणि सांगायची, "बाबा, इथं दम लागलाय तुम्हाला." आणि मास्तर मुकाट्यानं तेवढी रेघ पुन्हा खोल करायचे. मी केलेलं काम तिच्या हातात गेलं की ती नुसती हसायची. मला वाटायचं, कौतुकानं हसते. वयाच्या पंधराव्या वर्षी मी एवढी हुशार होते.

मास्तरांच्या खाटेखाली एक लाकडी पेटी होती. तीत पाच भांडी, कापडात गुंडाळलेली. दर गुढीपाडव्याला मास्तर एक भांडं आणायचे आणि ठेवून द्यायचे. कळशी, परात, पातेलं, तांब्या, फुलपात्र. कुमुदताईच्या लग्नासाठी. साऱ्या गावाच्या भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसानं आपल्या लेकीची भांडी कोरी ठेवली होती, कारण नाव लग्नाच्या आदल्या दिवशी घालायचं, असं त्यांनी ठरवलेलं. तोवर कुमुदताई ती दिवाळीत काढायची, चिंचेनं लख्ख करायची आणि पुन्हा गुंडाळायची. "ही माझी सासरी जायची फौज," म्हणायची.

सासर मात्र तिनं स्वतःच शोधलं. कोयनानगरला धरणावर कामाला असलेला एक माणूस मास्तरांकडे यायचा, पाण्याची उंची मोजायच्या पितळी पट्ट्यांवर आकडे कोरून घ्यायला. बसवराज नाव, सगळे बसू म्हणत. जतच्याही पलीकडचा, घरात कानडी बोलणारा, मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला शेवटी हेल. पट्ट्या संपल्या तरी त्याचं येणं संपेना. मी आपली तिथंच उशीला उशी लावून बसलेली, आणि मला काय दिसलं? मला दिसलं की बसूला कोरीवकामाची फार आवड आहे. एकदा मी त्याला कोरणी कशी धरायची हे अर्धा तास समजावून सांगितलं. तो माझ्या खांद्यावरून कुमुदताईकडे बघत, "हं, हं, बरोबर" म्हणत होता. माझी नात परवा हे ऐकून म्हणाली, "आजी, तू इतकी मठ्ठ होतीस?" होते बाई. हे बघ, कागदावर लिहूनही देते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी कुमुदताई चहाच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवून गेली. साताऱ्याला जाऊन लग्नाची नोंदणी केली तिनं आणि बसूनं. मी मास्तरांकडे पोचले तेव्हा चिठ्ठी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती वाचली, चौघडी केली, आणि समोरच्या घागरीवरचं अर्धं राहिलेलं नाव पूर्ण केलं. मला वाटलं, बरं झालं, रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. त्या दिवसापासून त्यांनी लेकीचं नाव उच्चारायचं सोडलं. तिसऱ्या दिवशी खाटेखालची पेटी ओढली, पाची भांडी गोणपाटावर मांडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवंता, ही मोडीत घालून ये. जे येईल ते देवळाच्या पेटीत टाक."

आता मोडीत घालायची म्हणजे तांबट ती ठेचणार, वितळवणार. मी गोणपाट डोक्यावर घेतलं आणि पूल ओलांडून थेट आमच्या गोठ्यात आले. आईनं विचारलं, "काय गं त्ये?" म्हटलं, "मास्तरांचं काम हाय, घरी करायला दिलंय." आई खूश. आपल्या लेकीवर मास्तरांचा केवढा विश्वास! मग चार दुपारी, म्हैस रवंथ करत असताना, जुन्या पिशवीत वाळू भरून तिची उशी केली आणि माझ्या शिकाऊ कोरणीनं पाची भांड्यांवर कोरलं, 'चि. कुमुदला बाबांकडून'. मास्तरांच्या अक्षरासारखं अक्षर, त्यांच्यासारखं वळण, त्यांच्यासारखी डाव्या बाजूला थोडी जागा सोडलेली. इतकं हुबेहूब जमलं असं मला वाटलं की मी उठून म्हशीला दाखवलं. बाप-लेकीतला दुरावा आपण एकटीनं मिटवला, याचा मला एवढा गर्व चढला की त्या रात्री मी भाकरीवर तुपाची धार जास्त मागून घेतली. आमच्या शेजारचे दगडूमामा पाटणच्या गाडीवर कंडक्टर होते. त्यांच्याकडे गोणपाट दिलं. "कोयनेला पोचवा मामा, मास्तरांनी दिलंय."

"मास्तरांनी?" मामा म्हणाले. "त्येंचा तर म्हणं लय राग हाय पोरीवर."

"आता न्हाई," मी म्हटलं. काय तो रुबाब!

पंधरा-वीस दिवसांनी दगडूमामांनीच निरोप आणला, कुमुदताई स्टँडवर बोलावते म्हणून. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी ती बसली होती. हिरवी साडी, हातभर बांगड्या, थोडी काळवंडलेली. मी कौतुक ऐकायच्या तयारीनं गेले होते. तिनं पिशवीतून फुलपात्र काढलं, माझं बोट धरलं आणि अक्षरावरून फिरवलं.

"बाबांची रेघ शेवटाला बारीक होत होत जाते. ही बघ, टचकन तुटते. गाढवे, तीन वर्षं चहा पाजला तुला, एवढंही नाही शिकलीस?"

आणि ती हसायला लागली. हसता हसता रस सांडला, पदर भिजला, मला वाटलं आता ही कधी थांबतच नाही. मग थांबली. फुलपात्र मांडीवर ठेवून तिनं विचारलं, "मोडीत घालायला सांगितली ना त्यांनी?"

मी मान हलवली. खोटं बोलायचं सुचलं नाही. जेव्हा सुचायला हवं तेव्हा मला कधीच काही सुचलेलं नाही.

"असू दे," ती म्हणाली. "भांडी तर त्यांचीच आहेत. आणि हे बघ, बसूला मी सांगितलंय बाबांनी पाठवली म्हणून. त्याला फार बरं वाटलं. सगळ्या कॉलनीला दाखवत फिरला येडा. तेवढं राहू दे."

मग तिनं पिशवीतून आणखी एक वस्तू काढली. पितळेचा डबा, नवा, झाकणावर मोराची मूठ. तो तिनं कोयनेच्या बाजारात घेतलेला. "यावर मी काही घालून घेतलं नाही. हा कोराच राहणार. पाडव्याला घेऊन येईन आणि बाबांच्या पुढ्यात ठेवीन. काही बोलणार नाही. भांडं समोर आलं की त्यांचा हात थांबत नाही, मला माहीत आहे." मी म्हटलं, "आत्ता चल की. मी येते संगट." ती म्हणाली, "नको. अजून कच्चा आहे राग. पिकू दे थोडा." आणि पाटणच्या गाडीत चढली. खिडकीतून म्हणाली, "रेघ संपवताना श्वास सोडू नकोस, शेवंते. तिथंच चुकतेस तू."

पाडवा यायच्या आधी, डिसेंबरातच, भूकंप आला. आमच्याकडे फडताळातली भांडी पहाटे एकदम खाली आली. सगळं गणगोत अंधारात घरभर गडगडत गेलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, ओरडत होते, "भाईर पळा! आरं, भाईर!" आणि आई परातीवर पाय पडून दारात आडवी झालेली. आमची एक भिंत उभी चिरली, बाकी कुणाला काही झालं नाही. दुपारपर्यंत कळलं की कोयनेची धूळधाण झाली. मास्तर तसेच निघाले. रस्त्यावर दरडी, गाड्या बंद, कुठं चालत, कुठं ट्रकवर, असे दुसऱ्या दिवशी पोचले. बसू पाळीवर होता म्हणून हात मोडण्यावर वाचला. कुमुदताई घरात होती. मास्तर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांना तिचं तोंड दिसलं नाही.

मी ही वाक्यं पटापट लिहून मोकळी झाले, कारण ती हळू लिहिता येत नाहीत.

आठव्या-नवव्या दिवशी मास्तर आमच्या दारात उभे. दाढी वाढलेली, पायात कुणाच्यातरी चपला. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. कऱ्हाडच्या दवाखान्यात बसूला आणलं होतं आणि मास्तर त्याच्यापाशी बसून होते. त्यानं जावई म्हणून सासऱ्यापुढं पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हा म्हणाला, "तुम्ही पाठवलेली भांडी तिनं लई नीट ठेवली होती हो. ती तेवढी सापडली तर घेऊन या."

"शेवंता," मास्तर म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

मी आईच्या मागं सरकले. आई काही न कळून म्हणाली, "जा बाळ. मास्तरास्नी एकलं सोडू नगं." तिनं भाकरी आणि खर्डा बांधून दिला. गाडीत मास्तर मांडीवर रिकामं गोणपाट घेऊन बसले होते. मी घाटाच्या प्रत्येक वळणावर एक एक माफी तयार केली आणि पुढच्या वळणावर विसरले. खर्ड्याच्या वासानं गाडीतली माणसं वळून बघत होती, आणि मला तशातही भूक लागली होती, याची आज सुद्धा लाज वाटते.

कॉलनीजवळच्या मैदानात ढिगाऱ्यातून काढलेली भांडी आणून टाकली होती. घरांचं काय राहिलं होतं, तर भांडी. चेपलेली, दुमडलेली, मातीनं भरलेली. सुट्टीवर आलेला एक फौजी मिशा पिळत तिथं उभा होता आणि एक एक उचलून नाव वाचत होता. पण भांड्यावर नाव असतं देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं नव्हे. त्यामुळं तो कुणाकुणाच्या मामा-आत्यांना हाका मारत सुटलेला. "सखाराम तुकाराम यांजकडून! कोन हाय सखारामाचं? लाईन तोडू नका! हिराबाई यांजकडून!" आणि गर्दीतून कुणीतरी म्हणायचं, "आवं, ती माजी आत्या! बोरगावची!" घर गेलेली माणसं, ज्यांच्याशी दहा वर्षं भांडण असेल अशा नातेवाइकांची नावं ऐकून हुंदका देत पुढं यायची आणि भांडं पोटाशी धरायची.

फौजी वाचत वाचत आला. "चिरंजीव कुमुदला बाबांकडून!" आणि मान वर करून म्हणाला, "बाबा म्हंजे कोन? नाव न्हाई हो हितं!"

मास्तर पुढं झाले. "मी," म्हणाले.

चार भांडी मिळाली. परात सापडली नाही. मास्तर मैदानाच्या कडेला दगडावर बसले, तांब्या मांडीवर घेतला, धोतराच्या सोग्यानं माती पुसली आणि अक्षरावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मी समोर उभी. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल, आणि बसावी असंही वाटत होतं.

"चार दिवस लागले असतील," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी तांब्या मांडीवर फिरवला. मग डोळ्यांतलं पाणी पुसलं, पण ते तर डाव्या डोळ्याचं रोजचंच. आणि विचारलं, "तिला... माझंच वाटलं?"

पंधरा वर्षांच्या त्या मठ्ठ पोरीला सगळं एका दमात कळलं. हा माणूस पितळ बघत नव्हता. आपली लेक गेली ती बापानं माफ केलंय असं समजून गेली की नाही, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते सांगू शकणारं या जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. ज्या लेकीनं आयुष्यभर त्यांची रेघ नखानं तपासली तिला ही रेघ त्यांची वाटेल का, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असं कसं म्हणू? आला असेल. तरी त्यांनी विचारलं.

"व्हय मास्तर," मी म्हटलं. "तुमचंच वाटलं. लय खूश होती. सगळ्या कॉलनीला दाखवलं."

त्यांनी मान हलवली. पुन्हा हलवली. तांब्या छातीशी धरून ते असे काही रडले की फौजीनं वाचायचं थांबवलं आणि पाठ फिरवून उभा राहिला.

मग ते उठले. चार भांडी गोणपाटात बांधली. फौजी म्हणाला, "आनि काय हाय का त्येंचं? बिननावाची तिकडं टाकल्यात. वळख पटवून न्या." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "आणखी काही होतं का गं तिचं?"

बिननावाचा ढीग लहान होता. सगळ्यात वर, एका फुटक्या बादलीच्या शेजारी, तो डबा होता. एका बाजूनं चेपलेला. झाकणावरचा मोर शाबूत. माझ्यापासून दहा पावलांवर.

तो दाखवला असता तर त्यांनी हातात घेतला असता, चहूबाजूंनी फिरवला असता आणि विचारलं असतं, माझ्या लेकीचं भांडं कोरं का? मग मी काय सांगणार होते? पाच भांडी तुमची नव्हेत हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून हे एक तिनं तुमच्यासाठी ठेवलं? अर्ध्या घटकेपूर्वी दिलेलं मी परत कसं काढून घेणार? एका खोट्याला पुरेल एवढीच माझी अक्कल होती. दुसरं रचायला ती उरली नव्हती.

"न्हाई," मी म्हटलं. "आनि काय न्हाई."

मास्तरांनी त्यानंतर पुष्कळ वर्षं काढली. जावयाला त्यांनी घरी आणलं, त्याचा हात बरा होईस्तोवर आपल्या हातानं भात कालवून भरवला. पुढं त्याचं दुसरं लग्नही त्यांनीच लावून दिलं आणि त्या मुलीच्या भांड्यांवर नावं घातली. कुणी घरी आलं की ती चार भांडी दाखवायचे आणि म्हणायचे, "पाठवली होती मी तिला. रागात होतो, पण पाठवली होती." आणि मी तिथं असले तर माझ्याकडे बघायचे. मी मान डोलवायची. मी सांगलीला आले, शाळेत चित्रकला शिकवू लागले, लग्न झालं, पोरं झाली; सुट्टीत भेटायला गेले की तोच प्रसंग, तीच मान. एकदा ठरवून गेले होते की आज सांगायचं. त्यांच्या हाताला तेव्हा कंप सुटलेला. त्यांनी माझ्यासाठी चहा केला, आलं किसताना बोटाला लागलं, आणि मी नुसती चिंधी बांधून परत आले. ते गेले तेव्हा बसूचं पत्र आलं. भांडी त्याच्याकडेच आहेत.

त्या 'व्हय'चं मला कधीही वाईट वाटलं नाही. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. पण त्या 'न्हाई'पुढं मी अजून अडखळते. मी त्यांना दिलं ते माझं होतं, माझ्या तुटक्या रेघेचं. तिनं ठेवलं होतं ते तिचं होतं. बापाचा राग उतरेल, आणि उतरल्यावर त्यांचा हात थांबणार नाही, हा तिचा भरवसा. तिला माफी पोचली या खोट्या समाधानापेक्षा तो मोठा नव्हता का? कदाचित तो त्यांना पेलला नसता. कदाचित तेवढ्यावरच ते जगले असते. पंधराव्या वर्षी मी हे परस्पर ठरवून टाकलं, आणि सत्तरी ओलांडली तरी मला ते ठरवता येत नाही.

त्या दिवशी मैदानातून निघताना मी एकदा मागं वळून पाहिलं. फौजी बिननावाची भांडी वाटायला लागला होता, ज्यांचं काहीच सापडलं नाही त्यांना. एका बाईला तो डबा मिळाला. तिनं झाकण उघडून आत पाहिलं, पदरानं आतली माती पुसली, आणि डबा काखेत मारून ती तंबूंच्या दिशेनं चालू लागली. मास्तर म्हणाले, "चल, गाडी जाईल." मी गोणपाटाचं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं.